उरलेली जागा

आमच्या घराच्या माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. तिचा मूळचा रंग हिरवा असावा. आता तो कोपऱ्याकोपऱ्यांत तेवढा उरला आहे. झाकणावर पांढऱ्या रंगाने, अडाणी हाताने, दोन शब्द रंगवलेले आहेत: एक 'मोंबासा' आणि दुसरा 'डेक'. पेटी माझ्या वडिलांच्या काकांची. आम्ही मुले त्यांना भाऊआजोबा म्हणत असू. १९५२ साली ते मुंबईहून आगबोटीत बसले आणि पूर्व आफ्रिकेत जाऊन शिंप्याचे काम करू लागले. अठरा-वीस वर्षांनी परत आले, ते हीच पेटी घेऊन.

त्या प्रवासाची हकीकत ते फार रंगवून सांगत. डेकवर आपली वळकटी पसरायची. ती जेवढी लांबरुंद, तेवढे आपले घर. उजव्या हाताला एक काठेवाडी कुटुंब, डाव्या हाताला गोव्याचा एक आचारी. त्यांचे लोणचे ह्यांच्या भाकरीवर, ह्यांची चटणी त्यांच्या रोटल्यावर. मी लहान होतो. एकदा विचारले, "आजोबा, तुम्हांला खोली नव्हती?" ते हसले आणि म्हणाले, "खोलीचे पैसे कुठले रे बाळा? उरलेल्या जागेत आम्ही. पण पुरली हो जागा!"

भाऊआजोबांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्यांच्या बोलण्यातले दोन शब्द मात्र माझ्या मनातून गेले नाहीत. 'उरलेली जागा.' कशातून उरलेली? वजाबाकी कोणी केली? कधी केली? हे प्रश्न तेव्हा सुचले नाहीत. ते सुचायला मला स्वतःला एक वजाबाकी करावी लागली. ती हकीकत पुढे येईलच.

आगबोट ही मोठी विचित्र वस्तू आहे. घर बांधताना माणूस आपल्यासाठी बांधतो, फार तर मुलांसाठी. आगबोट बांधणारा ती कधीच स्वतःसाठी बांधत नाही. ज्यांना त्याने पाहिले नाही, ज्यांची भाषा त्याला येत नाही, जे कदाचित अजून जन्मलेलेही नाहीत, अशा माणसांसाठी तो पंचवीस-तीस वर्षे टिकणारे पोलादी घर बांधतो. कागदावरची एक रेघ चार बोटे इकडे सरकली, तर पुढची तीस वर्षे हजारो माणसांना पाय आखडून निजावे लागते. रेघ मारणाऱ्याला ते कधी कळतही नाही.

दुसरे महायुद्ध चालू असतानाच ब्रिटिश कंपन्यांनी युद्धानंतरच्या व्यापारी बोटींचा विचार सुरू केला होता. तो करणे त्यांना भागच होते. हिंदी महासागरात ज्यांची सद्दी होती त्या ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या सुमारे निम्म्या बोटी युद्धात बुडाल्या. मुंबई-आफ्रिका मार्गावरची 'करंजा' ही बोट १९४२ च्या नोव्हेंबरात अल्जीरियाच्या किनाऱ्याजवळ बाँबहल्ल्यात गेली. अमेरिकेने युद्धकाळात सत्तावीसशेंवर 'लिबर्टी' बोटी भराभर बांधून काढल्या होत्या खऱ्या. पण त्या संथ चालीच्या, केवळ मालाच्या बोटी. माणसे नेणाऱ्या बोटी नव्यानेच बांधायला हव्या होत्या. त्याप्रमाणे ग्लासगोजवळ क्लाइड नदीकाठच्या गोदीत दोन जुळ्या बोटी तयार झाल्या: १९४७ साली 'कंपाला' आणि १९४८ साली नवी 'करंजा'. प्रत्येकी दहा हजार टनांवर, वाफेच्या टर्बाइनवर चालणाऱ्या. मुंबईहून निघायचे, सेशेल्स करून मोंबासा, झांझिबार, दार-ए-सलाम, मग मोझांबिकची बंदरे आणि शेवटी डर्बन, असा त्यांचा फेरा.

हा मार्ग वसाहतींनी घडवलेला होता. जाताना मुंबईचे कापड, येताना युगांडाचा कापूस आणि झांझिबारची लवंग. आणि दोन्ही वेळा माणसे. कारकून, दुकानदार, सुतार, शिंपी, शाळामास्तर, रेल्वेतले कामगार. एका साम्राज्याला आपल्या एका वसाहतीची माणसे दुसऱ्या वसाहतीत कामाला न्यायची होती, आणि त्या ने-आणीसाठी ह्या बोटी आखल्या होत्या.

आता त्या आखणीच्या टेबलाशी बसलेल्या माणसाची कल्पना करून पाहू. तो दुष्ट असेल असे मी मुळीच मानत नाही. आपल्या कामात तो प्रामाणिकच असणार. त्याच्यापुढे प्रश्न कितीतरी: बंदरातले पाणी किती खोल, वेग किती ठेवायचा, इंधनासाठी किती जागा, मालाच्या गठ्ठ्यांसाठी किती, पहिल्या वर्गाच्या खोल्यांना वारा कोणत्या बाजूने येईल, भोजनगृह कुठे, कप्तानाची खोली कुठे. हे सारे बसवून झाल्यावर जे उरेल, ते डेकवरच्या प्रवाशांचे. पहिल्या वर्गाचे प्रवासी दहांच्या हिशेबात, डेकचे शेकड्यांच्या. पण खोली प्रथम दहांची ठरे आणि शेकड्यांना शिल्लक मिळे.

ह्यात बेकायदा काहीच नव्हते. समुद्रावरील जीवितरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार १९२९ साली झाला. त्यात एक सवलत होती. यात्रेकरूंसारख्या 'विशेष वाहतुकी'त, शय्या न दिलेले प्रवासी मोठ्या संख्येने नेणाऱ्या बोटींना काही नियमांतून सूट देता येईल, आणि त्यांच्यासाठी वेगळे नियम करता येतील. ते वेगळे नियम १९३१ साली आपल्याच सिमल्याला ठरले आणि 'सिमला नियम' ह्या नावाने पुढची चाळीस वर्षे चालले. १९४८ साली नवा करार झाला; त्यातही ही सूट कायम राहिली. शब्द किती सोज्ज्वळ आहेत पाहा! 'विशेष वाहतूक', 'शय्या न दिलेला प्रवासी'. जणू शय्या नसणे हा त्या माणसाचा जन्मजात गुण आहे; उंची असते, वर्ण असतो, तशी शय्या नसते!

बोट चालवणाऱ्यांची गोष्ट निराळी नव्हती. ह्या बोटींच्या भट्टीपाशी आणि डेकवर राबणाऱ्यांत रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान पुष्कळ. स्वयंपाकघरात आणि वाढपात गोव्याचे ख्रिस्ती. १९०६ साली ब्रिटनने कायदा करून आपल्या खलाशाची बोटीवरली राहण्याची जागा माणशी १२० घनफूट केली. मात्र आपल्या ह्या लोकांना, 'लास्करां'ना, त्या वाढीतून वगळले. माणूस तोच, पाळी तीच, समुद्र तोच. पण तो झोपेत किती हवा घेतो ह्याचे माप निराळे.

येथवर वाचून कोणी म्हणेल, त्यात नवल ते काय? परक्यांचे राज्य, परक्यांची बोट. दुसरे काय होणार? मलाही बराच काळ असेच वाटत होते. साम्राज्याच्या माथी खापर फोडले की आपला प्रश्न सुटतो आणि झोप चांगली लागते. पण त्याच वर्षांत आपल्या लोकांनीही एक आखणी केली होती. ती नजरेपुढे आणली की झोप तितकीशी गाढ लागत नाही.

आपल्या आगबोटींची कहाणी अभिमानाची आहे, हे मी आधीच सांगून टाकतो. १९०६ साली तुतिकोरिनला चिदंबरम पिळ्ळै यांनी स्वदेशी कंपनी काढली. तिला बुडवण्यासाठी परक्या कंपनीने भाडे इतके उतरवले की प्रवास जवळजवळ फुकट झाला. दोन वर्षांत पिळ्ळै तुरुंगात गेले. १९१९ च्या ५ एप्रिलला सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' मुंबईहून इंग्लंडला निघाली. त्या कंपनीच्या संस्थापकांत आमच्या सोलापूरचे वालचंद हिराचंद होते. पुढे १९२३ च्या करारात ह्या कंपनीला आपली जहाजे ७५ हजार टनांच्या आत ठेवण्याचे बंधन पत्करावे लागले. तरीही ती तगली. १९४१ च्या जूनमध्ये विशाखापट्टणला गोदीची कोनशिला बसली. पुढल्याच वर्षी त्या गावावर जपानी बाँब पडले. एवढे सोसून १९४८ च्या मार्चमध्ये त्या गोदीतून 'जलउषा' पाण्यात उतरली. ज्यांनी हे केले त्यांच्यापुढे मान लववावी, एवढेच मी करू शकतो.

युद्धोत्तर पुनर्रचनेसाठी नेमलेल्या जहाजवाहतूक उपसमितीचा अहवाल १९४७ सालचा. अध्यक्ष सर सी. पी. रामस्वामी अय्यर. तीत मागणी स्पष्ट होती. किनाऱ्यावरची वाहतूक शंभर टक्के भारतीय बोटींची; ब्रह्मदेश, सिलोन आणि शेजारच्या देशांशी चालणाऱ्या व्यापारात पाऊणशे टक्के; दूरच्या व्यापारात निम्मा वाटा; पराभूत राष्ट्रांच्या बोटी पूर्वेकडे जो व्यापार वाहत त्यात तीस टक्के. पाच ते सात वर्षांत वीस लाख टन जहाजे. त्या वेळी आपल्याजवळ ह्याचा जेमतेम दहावा हिस्सा होता. प्रत्यक्षात वीस लाखांचा टप्पा गाठायला सात नव्हे, वीसेक वर्षे लागली. पण स्वप्न मोठे असावे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझे मन अडखळते ते 'शंभर टक्के' ह्या शब्दांशी. कारण त्याच १९४७ सालच्या १७ जुलैला, आषाढी अमावास्येच्या दिवशी, 'रामदास' ही आगबोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. पावसाळी समुद्र, घराकडे निघालेली माणसे. काशाच्या खडकाजवळ बोटीवर मोठी लाट आली. भेदरलेले लोक एका बाजूला धावले आणि बोट कलंडली. सहाशेंहून अधिक माणसे गेली. कोकणपट्टीत असे गाव विरळा, जेथे त्या दिवसाचा एखादा उंबरठा नाही. बोट धक्क्यापासून काही तासांच्याही अंतरावर नव्हती. पण ती बुडाल्याची बातमी मुंबईला कळायला कित्येक तास लागले.

'रामदास' परक्यांची नव्हती. देशी मालकीची होती, किनाऱ्यावरची होती. अहवालातल्या त्या शंभर टक्क्यांत तिची गणना झाली असती. अपघाताचा दोष कोणा एकावर ठेवण्याचा माझा हेतू नाही. लाटेला कोणी आवरावे? मी एवढेच म्हणतो की निशाण कोणाचे हा एक प्रश्न आहे आणि निशाणाखाली बसलेल्या माणसाला जागा किती हा दुसरा. पहिला सुटला की दुसरा आपोआप सुटेल, असे आपण धरून चाललो. टन मोजले, टक्के मोजले. पण वळकटी मोजायला आपण तरी कुठे बसलो होतो?

आता माझ्याविरुद्ध दोन आक्षेप घेता येतील, आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला असा: पुढचे कोणाला दिसते? १९४५ साली टेबलाशी बसलेल्या माणसाला काय ठाऊक की दोन वर्षांत हिंदुस्थान सुटेल. १९६१ ते १९६३ ह्या तीन वर्षांत टांगानिका, युगांडा, केनिया, झांझिबार सारे स्वतंत्र होतील. १९६४ साली झांझिबारात क्रांती होईल. १९६८ साली केनियातून आणि १९७२ साली युगांडातून आपली माणसे गाशा गुंडाळून बाहेर पडतील? त्याने साम्राज्यासाठी बोट आखली, आणि बोट पाण्यात उतरते तोच साम्राज्य ओसरू लागले. 'कंपाला' १९७१ साली भंगारात गेली. 'करंजा' १९७६ साली भारतीय नौवहन निगमाने विकत घेतली, 'नानकौरी' असे तिचे नाव ठेवले, आणि ती आपल्या अंदमानच्या वाटेवर माणसे वाहू लागली. आखणाऱ्याच्या स्वप्नातही हे नसेल.

हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच भविष्य चुकल्याबद्दल मी कोणालाही दोषी धरीत नाही. आपली वीस लाखांची स्वप्ने चुकली, त्यांची साम्राज्याची चुकली. भविष्य चुकणे हा आखणीचा स्वभावच आहे. परंतु डेकवर निजणारा माणूस हे काही भविष्य नव्हते. तो १९४५ साली होता, १९२५ सालीही होता. प्रत्येक फेरीला बंदरात उभा होता, वळकटी काखेत घेऊन. त्याला पाहण्यासाठी दुर्बीण लागत नव्हती. धक्क्यावर जावे लागत होते. उद्याचे न दिसणे हे माणसाचे दुबळेपण आहे. आजचे न पाहणे ही त्याची निवड आहे, आणि निवडीचा जाब विचारता येतो.

दुसरा आक्षेप मात्र मला आजही छळतो. तो भाऊआजोबांचाच आहे. "खोलीचे पैसे कुठले रे बाळा?" डेक होता म्हणून तिकीट स्वस्त होते, तिकीट स्वस्त होते म्हणून कोकणातल्या एका शिंप्याचा मुलगा समुद्र ओलांडू शकला, त्याने तिकडून पाठवलेल्या पैशांवर माझे वडील शिकले, आणि वडील शिकले म्हणून आज मी हातात लेखणी धरून डेकवर टीका करतो आहे! आखणाऱ्याने दयाबुद्धीने सर्वांना खोल्या दिल्या असत्या, तर भाऊआजोबा धक्क्यावरच राहिले असते. गरिबाला अपुरी जागा देणे वाईट की त्याला जागाच न देणे वाईट?

ह्याचे उत्तर शोधताना मला माझ्या शाळेतली एक गोष्ट आठवते. दोष माझाच आहे, म्हणून सांगायला हरकत नाही.

काही वर्षांपूर्वी रायगडाच्या सहलीची आखणी माझ्याकडे होती. गाडीत आसने बावन्न, शिक्षक धरून माणसे साठ. दुसरी गाडी केली तर वर्गणी दीडपट होणार. मी कागद घेतला आणि बसवू लागलो. प्रथम शिक्षक, मग मुली, मग ज्यांना गाडी लागते ती मुले, मग पूर्ण वर्गणी भरलेली. शेवटी आठ मुले उरली. ती अर्ध्या वर्गणीची होती. त्यांना मधल्या वाटेत, घड्या घातलेल्या सतरंजीवर बसवले. ती आठच का, असे मला कोणी विचारले नाही. मीही स्वतःला विचारले नाही. मुले तर खुशीत होती. सतरंजीवर बसून गाणी म्हणत होती.

सहलीहून आल्यावर मी निबंध लिहायला दिला. त्या आठांतल्या एकाने गडाचे वर्णन फार छान केले होते. बाजारपेठ, टकमक टोक, समाधी, सारे काही. पण वाटेविषयी अक्षर नव्हते. बाकी सर्वांनी घाट लिहिला होता, नदी लिहिली होती. मी त्याला विचारले, "अरे, वाटेतले काहीच कसे लिहिले नाहीस?" तो सहजपणे म्हणाला, "सर, खाली बसल्यावर बाहेरचे दिसत नाही."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. भाऊआजोबांच्याही नव्हती. त्या दिवशी घरी येऊन मी माळ्यावरची पेटी खाली काढली आणि तिच्यावरचे ते दोन शब्द पुष्कळ वेळ पाहत बसलो. ज्याने त्यांना उरलेल्या जागेत बसवले, तो ग्लासगोचा साहेब होता. ज्याने ह्या मुलाला बसवले, तो मी. माझ्या कागदावर काही साम्राज्य नव्हते. होती ती फक्त वजाबाकीची सवय: कोणाला आधी बसवायचे आणि कोणाला उरलेल्यात घालायचे. आणि उरलेल्यात नेमके तेच का येतात, ज्यांच्या घरून कोणी जाब विचारायला येणार नाही?

तेव्हापासून मला वाटू लागले आहे की स्वस्तपणाचा युक्तिवाद खरा असला तरी पुरा नाही. जागा कमी असेल तर ती कमी आहे; समुद्रात काही कोणी घर वाढवू शकत नाही. पण कमी जागेची झळ कोणी सोसायची हे समुद्र ठरवीत नाही, पैसाही सर्वस्वी ठरवीत नाही. ते हिशेब कुठून सुरू केला ह्यावर ठरते. पहिल्या वर्गाच्या भोजनगृहापासून सुरू केला तर डेक उरतो. डेकपासून सुरू केला असता तर भोजनगृह थोडे लहान झाले असते, एवढेच. बोट तीच राहिली असती, आणि कदाचित भाडेही फारसे वाढले नसते. निदान ते मांडून पाहिले असते, तर आखणारा माणूस आपल्या कामातून मोकळा झाला, असे मी म्हटले असते.

पुढच्या वर्षी सहलीची आखणी पुन्हा माझ्याकडे आली. ह्या वेळी मी अर्ध्या वर्गणीच्या मुलांची नावे आधी लिहिली, आणि त्यांना खिडक्या दिल्या. शिक्षकांतले आम्ही दोघे वाटेत बसलो. तरी सगळे मावेनात. शेवटी एक लहान गाडी करावी लागली, आणि वर्गणी थोडी वाढली. अर्धी वर्गणीही त्या मानाने वाढलीच. सहलीच्या दिवशी सकाळी दोन मुले आली नाहीत. घरी निरोप पाठवला तर कळले, वाढीव पैसे जमले नाहीत आणि सांगायला त्यांना लाज वाटली.

खिडक्यांतून मुले घाट पाहत होती. मी सतरंजीवर बसून मनात पुन्हा आकडे मांडीत होतो. त्या दोघांना मी विचारले नव्हते. सर्वांत शेवटच्या माणसापासून हिशेब सुरू करायचा, हे मला कळले होते. पण शेवटचा माणूस कोण, हे अजून मीच ठरवीत होतो.